आयसीयूतली नळी किती दिवस?

(आजच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना अर्धवट सुटलेली वाक्यं नीट केलीत, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय हॉस्पिटलचा आहे, आणि तो मुद्दाम आपल्या वयाच्या लोकांसाठी घेतलाय. कारण घरातलं कुणी आयसीयूत गेलं की सगळे मोठे आपल्याकडे बघतात. "तू शिकलेला आहेस, तू बोल डॉक्टरांशी." मग आपण काचेच्या दारापाशी उभे राहतो, डॉक्टर येतात, दोन मिनिटं बोलतात, "स्टेबल आहेत, इन्फेक्शन थोडं वाढलंय" असं सांगून निघून जातात. बाहेर येऊन आपण सगळ्यांना सांगतो, "इन्फेक्शन वाढलंय." कुठलं? कुठून आलं? ते आपल्यालाच कळलेलं नसतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, कोड लिहितो. त्यामुळे आज उपचार सांगणार नाही. आयसीयूतल्या एका प्रकारच्या इन्फेक्शनबद्दल जे नीट माहीत झालेलं आहे ते सांगतो, आणि त्यातून नातेवाइकाने विचारायचा एकच प्रश्न सांगतो. शेवटी दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, तो प्रश्न लक्षात ठेवा.

कॅथेटर म्हणजे कोणती नळी?

कॅथेटर म्हणजे शरीरात घातलेली मऊ, पोकळ नळी. आयसीयूतल्या पेशंटला अशा दोन-तीन तरी असतात. हाताच्या शिरेत सलाईनसाठी असते ती आपल्या ओळखीची. दुसरी लघवीची नळी. तिच्या टोकाला छोटा फुगा असतो, तो मूत्राशयात फुगवला की नळी बाहेर निसटत नाही, आणि लघवी खाली लटकवलेल्या पिशवीत जमा होते. तिसरी म्हणजे सेंट्रल लाइन. ही मानेतून, कॉलरच्या हाडाखालून किंवा जांघेतून मोठ्या शिरेत घालतात आणि तिचं टोक हृदयाच्या जवळ जातं. जांघेतली थोडी खालीच राहते. बीपी टिकवायची जहाल औषधं हाताच्या बारीक शिरेतून फार वेळ देता येत नाहीत, त्यासाठी ही लागते. डायलिसिसची नळीही साधारण याच जातीची.

आता हे नीट समजून घ्या, की या नळ्या जीव वाचवतात. बीपी पडलेल्या माणसाला सेंट्रल लाइन नसेल तर औषध पोचणारच नाही. म्हणजे नळी वाईट असं काही नाही. अडचण दुसरीकडे आहे.

आपली कातडी म्हणजे भिंत. बाहेर जंतू, आत रक्त, मध्ये भिंत. नळी घातली की त्या भिंतीला दरवाजा पडला. आमच्या कामात असं होतं, की बाहेरच्या कंपनीला दोन दिवसांसाठी सर्व्हरचा टेम्पररी ॲक्सेस देतात. काम होतं, ॲक्सेस बंद करायचं राहून जातं. दार उघडं. त्या दिवशी काही होत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पण दार जितके दिवस उघडं, तितकी कुणीतरी आत शिरायची शक्यता जास्त. नळीचंही असंच आहे.

जंतू आत शिरतात कुठून?

मुख्य वाटा दोन. पहिली, नळी कातडीत शिरते तिथून. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर जंतू असतातच, ते नळीच्या बाहेरच्या अंगाने आत सरकतात. नळी घालताना कातडी नीट निर्जंतुक केली नसेल, किंवा वरची पट्टी घामाने सुटली असेल, तर त्यांना सोपं जातं. आपल्याकडे मे महिन्यात एसी बंद पडला तर पट्टी किती वेळ चिकटून राहील ते तुम्हीच सांगा.

दुसरी वाट, नळीचं बाहेरचं तोंड. तिथूनच औषध देतात, सलाईन जोडतात, रक्त काढतात. दिवसातून कितीतरी वेळा कुणाचा ना कुणाचा हात तिथे लागतो. हात किंवा ते तोंड स्वच्छ नसेल तर जंतू नळीच्या आतल्या पोकळीतून थेट रक्तात जातात. नळी जितकी जुनी तितकी ही दुसरी वाट महत्त्वाची होत जाते.

आत गेलेले जंतू नुसते फिरत बसत नाहीत, नळीला चिकटतात. पाण्याच्या टाकीच्या तळाशी बोट फिरवलं की बुळबुळीत थर लागतो ना? तसाच थर ते नळीवर तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. या थराच्या आत अँटिबायोटिक नीट काम करत नाही. रक्तात सुटलेले जंतू मरतात, ताप उतरतो, आणि औषध थांबवलं की थरातून नवीन जंतू सुटतात, परत थंडी वाजून ताप. म्हणून अशा वेळी डॉक्टर बऱ्याचदा नळीच काढून टाकतात. "आता कुठे ताप कमी झाला होता, नळी का बदलली?" याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

ताप नळीमुळेच आहे हे कळतं कसं?

हा भाग मला भारी आवडतो, कारण ही चक्क टाइमस्टँपची तुलना आहे.

आयसीयूतल्या पेशंटला ताप यायची कारणं पुष्कळ. छातीत इन्फेक्शन असेल, पोटात असेल, जखमेत असेल. मग डॉक्टर एकाच वेळी दोन ठिकाणचं रक्त घेतात, एक नळीतून आणि एक हाताच्या शिरेतून. दोन्ही बाटल्या मशीनमध्ये ठेवतात. जंतू वाढायला लागले की वायू तयार होतो, तो मशीनला कळतो आणि वेळेची नोंद होते. ज्या बाटलीत जंतू जास्त, ती आधी पॉझिटिव्ह येते. नळीतल्या रक्ताची बाटली हाताच्या बाटलीपेक्षा किमान दोन तास आधी पॉझिटिव्ह आली, तर जंतूंचा अड्डा नळीवर आहे असा संशय पक्का होतो.

म्हणून "ब्लड कल्चर पाठवलंय, दोन-तीन दिवस लागतील" असं सांगितलं की चिडू नका. जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं, हे वाढ झाल्याशिवाय कळत नाही.

हजार दिवसांचं गणित

आता आकडे. या इन्फेक्शनचं मोजमाप "शंभरातल्या किती पेशंटना झालं" असं सहसा करत नाहीत. एकाला नळी दोन दिवस होती, दुसऱ्याला वीस दिवस, दोघांना सारखं कसं मोजणार? म्हणून नळी-दिवस मोजतात. दहा पेशंटना प्रत्येकी पाच दिवस नळी होती, म्हणजे ५० नळी-दिवस. आणि दर १००० नळी-दिवसांमागे किती इन्फेक्शन झाली, तो दर.

भारतात हे मोजायला दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने हॉस्पिटलांचं एक जाळं उभं राहिलंय. त्यांचा सेंट्रल लाइनवरचा अभ्यास २०२५ मध्ये 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आला. २०१७ ते २०२४ अशी सात वर्षं, ५४ हॉस्पिटलं, २०० आयसीयू. पावणेदहा लाखांहून जास्त सेंट्रल लाइन-दिवस मोजले. त्यात रक्तातली ८,६२९ इन्फेक्शनं सापडली. दर निघाला १००० नळी-दिवसांमागे ८.८३.

हे सोप्या भाषेत असं. शंभर पेशंट घ्या, प्रत्येकाला सेंट्रल लाइन दहा दिवस ठेवा. झाले हजार दिवस. त्यात साधारण नऊ वेळा रक्तात इन्फेक्शन होईल. तीच लाइन पाच दिवसांत काढता आली तर दिवस निम्मे, आणि नऊच्या जागी साधारण चार-पाच. औषध बदललं नाही, मशीन नवीन आणलं नाही. फक्त दिवस कमी केले.

याआधी २००७ साली सात भारतीय शहरांतल्या १२ आयसीयूंचा अभ्यास आला होता. तेव्हाचा दर ७.९२ होता. हॉस्पिटलं वेगळी, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून "वाढलं" असं म्हणणं बरोबर नाही. पण प्रश्न जुना आहे आणि तो सुटलेला नाही, एवढं नक्की.

लघवीच्या नळीचं गणित अजून सरळ आहे. नळी असताना लघवीत जंतू सापडायची शक्यता दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ सगळ्यांच्याच लघवीत जंतू सापडतात. इथे एक फरक लक्षात ठेवा. लघवीत जंतू सापडले म्हणजे आजार झालाच असं नाही. ताप, पोटात दुखणं असं काही नसेल तर नुसता रिपोर्ट बघून बहुतेकांना अँटिबायोटिक लागत नाही. त्यामुळे मेडिकलवर जाऊन रिपोर्ट दाखवून गोळ्या आणू नका. विनाकारण घेतलेल्या अँटिबायोटिकमुळेच पुढे औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात, आणि आपल्या आयसीयूंमध्ये ते आधीच भरपूर आहेत.

पाच साध्या गोष्टी

मग यावर उपाय आहे का? आहे, आणि तो महाग नाही.

अमेरिकेत मिशिगन नावाचं राज्य आहे. तिथे २००४ मध्ये पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरांच्या टीमने शंभरावर आयसीयूंमध्ये सेंट्रल लाइनसाठी पाच गोष्टी लागू केल्या. एक, हात धुणं. दोन, लाइन घालताना टोपी, मास्क, निर्जंतुक गाउन आणि हातमोजे घालणं आणि पेशंटवर मोठी निर्जंतुक चादर टाकणं. तीन, कातडी क्लोरहेक्झिडिनने साफ करणं. चार, शक्यतो जांघेतून लाइन न घालणं, कारण ती जागा स्वच्छ ठेवणं अवघड. आणि पाच, गरज संपली की लाइन काढणं.

यातलं एकही नवीन नव्हतं, सगळ्या डॉक्टरांना हे माहीत होतं. नवीन होतं ते असं, की लागणारं सगळं सामान एकाच ट्रॉलीवर ठेवलं. डॉक्टरने एखादी पायरी गाळली आणि इमर्जन्सी नसेल, तर सिस्टरने त्यांना थांबवायचं, हा अधिकार सिस्टरला दिला. आणि राउंडला रोज विचारायचं, की ही लाइन आज काढता येईल का?

तीन महिन्यांत मधल्या आयसीयूचा, म्हणजे सगळे आयसीयू क्रमाने लावले तर बरोबर मध्ये येणाऱ्याचा, दर १००० दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आला. सरासरी दर दीड वर्षात ७.७ वरून १.४ वर आला. म्हणजे "आयसीयू म्हटलं की इन्फेक्शन होणारच" हे वाक्य पूर्ण खरं नाही. यातलं बरंचसं टाळता येतं.

पण दुसरी बाजूही सांगतो. सगळं नीट करूनही इन्फेक्शन होऊ शकतं. पेशंटची प्रतिकारशक्ती आधीच पडलेली असते, शुगर असते, किडनी थकलेली असते. एका सिस्टरकडे चार-पाच पेशंट असतील तर प्रत्येक वेळी हात धुवायला वेळ कुठून आणणार? म्हणून ताप आला की लगेच "हॉस्पिटलने घोळ घातला" म्हणून आरडाओरडा करू नका. त्याने पेशंट बरा होत नाही, उलट आत काम करणारी माणसं आपल्याशी बोलणं बंद करतात.

विसरलेली नळी

पाच गोष्टींतली पहिली चार आतल्या लोकांच्या हातात. पाचवीत मात्र आपला उपयोग होऊ शकतो. कसा ते ऐका.

अमेरिकेतल्या चार हॉस्पिटलांमध्ये एक अभ्यास झाला, २००० साली तो प्रसिद्ध झाला. संजय सेंट नावाच्या डॉक्टरांच्या टीमने इतर डॉक्टरांना विचारलं, तुमच्या अमुक पेशंटला लघवीची नळी आहे का? ज्यांना नळी होती, त्यांच्याबाबतीत २८ टक्के वेळा डॉक्टरला ते माहीतच नव्हतं. आणि हुद्दा जितका मोठा तितकी माहिती कमी. ज्या नळ्यांची खरं तर गरज नव्हती, त्याच जास्त विसरल्या गेल्या होत्या.

यात आश्चर्य नाही. नळी चादरीखाली असते. ती घालताना कारण लागतं, पण राहू द्यायला कुणी कारण विचारत नाही. शिवाय खरं बोलायचं तर ती सगळ्यांच्या सोयीची असते. सिस्टरला चादर बदलावी लागत नाही. आपल्यालाही बरंच वाटतं, की आजीला उठवून बाथरूमला न्यायला नको. "राहू द्या की दोन दिवस" असं नातेवाईकच म्हणतात. पण नुसत्या सोयीसाठी नळी ठेवू नये. बेडपॅन आहे, डायपर आहे, पुरुषांसाठी बाहेरून लावायची कंडोमसारखी पिशवी मिळते. त्रास आपल्याला होईल, पण आजीच्या शरीरातलं एक दार बंद होईल.

मंठ्याहून संभाजीनगरपर्यंत

आपल्या जिल्ह्याची एक वेगळी अडचण आहे. इथला पेशंट एका जागी थांबत नाही. मंठा, परतूर, घनसावंगीकडून जालन्याला, जालन्याहून संभाजीनगरला घाटीत किंवा खासगीत. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्यामुळे पुढे चित्र बदलेल अशी आशा आहे. पण आज तरी मंठ्याचा पेशंट शंभर किलोमीटरच्या वर प्रवास करून दोन-तीन हॉस्पिटलं बघतो. पहिल्या ठिकाणी घातलेली नळी तिसऱ्या ठिकाणी कितव्या दिवसाची आहे, हे कागदावर असेलच असं नाही. लिहिलेलं असलं तरी तो कागद कुणाच्या तरी खिशात असतो.

माझ्या मोठ्या काकांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा आम्ही असेच निघालो होतो. स्ट्रेचर ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना कुणीतरी लघवीची पिशवी उचलून काकांच्या पोटावर ठेवली. खाली लोंबकळून अडकू नये म्हणून, चांगल्याच हेतूने. पोचल्यावर तिथल्या सिस्टरने पहिलं काम काय केलं असेल तर पिशवी खाली घेतली. म्हणाल्या, "पिशवी कमरेच्या वर गेली की पिशवीतली लघवी उलटी आत जाते, दादा. आणि ही नळी कधी घातली?" माझ्या चुलत बहिणीने फोनमध्ये तारीख-वेळ लिहून ठेवली होती. तिने वाचून दाखवली. सिस्टरने ती केसपेपरवर लिहिली. अर्ध्या मिनिटाचं काम.

आपण काय करायचं?

तर आता यादी. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. फोनच्या नोट्समध्ये प्रत्येक नळीची तारीख लिहा. कोणती, कुठे, कधी घातली. हॉस्पिटल बदललं तर हीच नोट पुढे दाखवा.

२. रोज राउंडनंतर एक प्रश्न विचारा: "डॉक्टर, मानेतली लाइन आणि लघवीची नळी आज लागणार आहे का, की काढता येईल?" "काढा" असा हट्ट नाही, फक्त प्रश्न. "अजून बीपीचं औषध चालू आहे, लागेल" असं उत्तर आलं तर ते उत्तम उत्तर आहे. उद्या परत विचारा.

३. ठरावीक दिवस झाले म्हणून सेंट्रल लाइन बदलून नवीन घाला, असं सांगू नका. नुसत्या दिवसांवरून बदलायची पद्धत योग्य मानत नाहीत. गरज असेल तर ठेवायची, नसेल तर काढायची.

४. आत जाताना आणि बाहेर येताना सॅनिटायझर लावा. नळ्यांना, त्यांच्या तोंडांना हात लावू नका. सलाईन संपलं तर सिस्टरला हाक मारा, स्वतः बटण फिरवू नका.

५. नळीवरची पट्टी ओली, सुटलेली किंवा रक्ताने माखलेली दिसली तर लगेच सांगा. आजूबाजूला लाल झालं असेल, पू दिसला, किंवा औषध चालू असताना थंडी वाजली, तर तेही.

६. लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण फरशीवर टेकलेली नको. नळीला पीळ नको. पिशवी आणि नळीचा जोड उघडू नका. स्ट्रेचर, व्हीलचेअर, एक्स-रेला नेणं, या वेळी पिशवीवर लक्ष ठेवणारं एक माणूस ठरवा.

७. नळीसकट घरी सोडलं तर विचारा, "काढायची तारीख कोणती?" ती तारीख डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या.

८. आणि अशक्तपणा आला की "एक सलाईन लावा ना डॉक्टर" म्हणणं सोडा. तीही नळीच आहे.

विचारायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. डॉक्टर चिडतील, पेशंटकडे दुर्लक्ष करतील, अशी भीती असते. पण माहिती विचारणं हा हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी हॉस्पिटलांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. एकदा वाचून बघा. आवाज न चढवता, दोन वाक्यांत विचारलं तर बहुतेक डॉक्टर सांगतात. काहींना तर बरं वाटतं, की कुणीतरी नेमकं विचारतंय.

घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळा एपिसोड कुणी ऐकणार नाही. फक्त दुसरा मुद्दा कॉपी करून टाका. आणि तुमच्या ओळखीत कुणी आयसीयूत काम करणारी सिस्टर किंवा डॉक्टर असेल, तर मी काय सांगायचं राहिलं ते त्यांना विचारून मला कळवा, पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला सांगतो. भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या.